दोन पाकळ्या गेल्या, तीन सापडल्या

9 फेब्रुवारी, रविवार. नर्मदेवरच्या चांदोदच्या घाटावरून बोट निघून वीस मिनिटं झाली असतील. बायको म्हणाली, "ओल्या कपड्यांना इस्त्री केल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, डिझेलची बोट आहे, वास यायचाच. दोन मिनिटांनी सहज इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे नजर गेली, तर तो शंभराच्या पलीकडे टेकलेला. मागे वळून पाहिलं. एरवी एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाण्याची जाड पिचकारी पडते. तिथे थुंकल्यासारखं थोडंसं पाणी आणि त्याच्यावर पांढरी वाफ.

इंजिन बंद केलं. बोट प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागली. नांगर पहिल्यांदा नुसता घसरला, दुसऱ्यांदा धरला. माझा हात हेडर टँकच्या, म्हणजे इंजिनवरच्या पाण्याच्या टाकीच्या, झाकणाकडे गेला, का ते आजही सांगता येणार नाही. आतलं पाणी कमी झालंय का ते बघावं, एवढंच डोक्यात होतं. बरोबर असलेल्या नावाडीकाकांनी मनगट धरलं. "हाथ बळी जशे, भाई." हात भाजेल. झाकण दाबाचं असतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. नदीचं गार पाणी बादलीने इंजिनवर ओतायचीही मला घाई झाली होती. काकांनी तेही करू दिलं नाही. तापलेल्या हेडला तडा जातो म्हणाले. दीड तास तसेच बसलो. मग दुसऱ्या नावेने ओढून घाटाला आणलं. 500 रुपये.

मी हिशेबनीस आहे. बडोद्याच्या अलकापुरीत एका फर्ममध्ये पंचवीस वर्षं जमा-खर्च बघतो. पान्हा हातात धरायची वेळ कधी स्कूटरच्या प्लगच्या पुढे गेली नव्हती. बोट मामांची. मामा रेल्वेत होते, प्रतापनगरला राहायचे, आणि निवृत्तीनंतर त्यांनी ही सव्वीस फुटी फायबरची बोट सेकंडहँड घेतली. आत ट्रॅक्टरच्या जातीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, बोटीसाठी बदल केलेलं. एप्रिल 2024 मध्ये मामा गेले. शेवटची दोन वर्षं ते आजारी होते, तेव्हा बोट कोणाकोणाच्या हातात होती ते नर्मदामाईला ठाऊक. मामेभाऊ पुण्यात. त्याने फोनवर सांगितलं, "दादा, तूच बघ. पैसे मी पाठवतो." वर्षश्राद्धाला सगळ्यांनी मामांच्याच बोटीतून संगमावर जायचं, असं मामीच्या मनात होतं. गुरुजींनी 18 एप्रिल काढून दिली. त्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणजे पुण्याची मंडळीही येऊ शकणार. हातात दहा आठवडे होते. मला वाटलं, भरपूर आहेत.

बडोद्यातल्या मराठी घरांना चांदोद सांगायला नको. ओरसंग नर्मदेला मिळते ती जागा, सरस्वती गुप्त. अस्थी घेऊन अर्धं दांडिया बाजार कधी ना कधी तिथे गेलेलं आहे. डभोईवरून गेलं तर साधारण पन्नास किलोमीटर. दहा आठवड्यांत मी हा रस्ता इतक्या वेळा केला, की डभोईच्या अलीकडचे स्पीडब्रेकर आता मला पाठ आहेत.

पहिला मिस्त्री 16 तारखेला आला. इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे थंडी कुठे पडते? थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापेपर्यंत वाट अडवून धरणारी झडप. ती अडकली तर इंजिन तापतं, हे खरं. त्याने ती काढली, 1,500 रुपये घेतले, गेला. पुढच्या रविवारी, 23 ला, बोट काढली. फरक इतकाच की काटा आधी झपकन चढायचा, आता सावकाश चढला. पोचला तिथेच.

ती झडप मी घरी आणली होती. रात्री गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, झडप दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवली, बुडाला टेकू द्यायची नाही. बाजूला मुलीचा केक-चॉकलेटचा तापमापक. झडपेवर 82 आकडा ठोकलेला होता. 80 पर्यंत काही नाही. 83 ला तिने बारीक तोंड उघडलं आणि नव्वदीला बोटभर उघडी झाली. म्हणजे ठणठणीत. बायकोने पातेलं घासून कोपऱ्यात ठेवलं आणि ते आजतागायत चहाला वापरलेलं नाही. नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी समजावलं की थर्मोस्टॅट काढण्याने काही इंजिनांत उलटंच होतं: झडप उघडताना जी बायपासची आडवाट बंद करते ती उघडीच राहते आणि गरम पाणी गार व्हायला न जाता तिथल्या तिथे फिरत राहतं. तेव्हा कोणी "काढून टाका" म्हटलं तर आधी पातेल्यात घालून बघा.

त्याच 23 तारखेला आणखी एक गोष्ट सापडली. काका पाण्यात उतरले आणि बोटीच्या बुडाखालच्या पंख्याला हात लावून हसायला लागले. पंख्याला लाल चुनरी गुंडाळलेली, जरीच्या काठासकट, वर फुलांच्या माळांचा दोरा. शिवरात्र तीन दिवसांवर होती, लोक माईला चुनरी वाहत होते. ती कापून काढायला पाऊण तास लागला. काकांनी तुकडे पाण्यात टाकू दिले नाहीत, घाटावरच्या झाडाला बांधले. पंखा जड झाला की इंजिनवर भार पडतो, काळा धूर येतो आणि तेही तापतं, म्हणून मला वाटलं, मिळालं कारण! घाटावर शेंगदाणेही वाटले. परत बोट काढली. काळा धूर गेला. काटा चढलाच.

तोवर सल्ले सुरू झाले होते. शेजारी म्हणाले हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि खालचा भाग यांच्यामधलं सील. ऑफिसातला एक म्हणाला पाण्याचा पंप. साडू म्हणाले इंजिनच विका. हेड गॅस्केटचं नाव ऐकून माझी दोन रात्री झोप उडाली, कारण त्यात खर्च मोठा. ते नाही हे बघायची सोपी खूण नंतर कळली: इंजिन गार असताना झाकण काढायचं, मग सुरू करायचं आणि हेडर टँकमध्ये बुडबुडे येत राहतात का ते बघायचं. आमच्याकडे सुरुवातीचे चार बुडबुडे आले आणि थांबले. तेलाची काडी काढून पाहिली, तेल काळंच होतं, ताकासारखं झालेलं नव्हतं. हिशेबाच्या भाषेत, मोठी उधारी नाही.

2 मार्चला आतलं पाणी बदललं. जे निघालं ते चहासारखं लाल. टाकीच्या आत पांढरा थर. कोणीतरी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत होतं. पाच लिटर कूलंट 1,300, त्यात मिसळायला डिस्टिल्ड पाणी 300. हे करायला हवंच होतं, पण तापण्यात काही फरक पडला नाही.

मग मला शंका आली की काटाच खोटं बोलत असेल. घरात करोनाच्या वेळची कपाळावर धरायची तापमापक बंदूक होती, ती घेऊन गेलो. इंजिनवर धरली की ती नुसती "हाय" दाखवायची. ती माणसांसाठी असते, ताप मोजायच्या पुढे जातच नाही. शेवटी कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक 1,150 ला घेतली. सगळ्या खर्चात हा एक खर्च मी पुन्हा आनंदाने करीन. फक्त चकचकीत पितळेवर किंवा स्टीलवर धरू नका, ती चुकीचा आकडा दाखवते. त्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर धरा.

इथे बोटीचं इंजिन कसं गार होतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीला रेडिएटर असतो आणि वारा असतो. बोटीत इंजिनच्या डब्यात वारा कुठला? म्हणून दोन पाणी. आतलं पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनमधून फिरतं. बाहेरचं पाणी बुडातल्या व्हॉल्व्हमधून आत येतं, गाळणीतून जातं, रबरी पाकळ्यांच्या चाकाने, म्हणजे इंपेलरने, ओढलं जातं, आणि हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यात बारीक नळ्यांमधून वाहत आतल्या पाण्याची उष्णता घेतं. मग एक्झॉस्टमध्ये मिसळून मागून नदीत पडतं. आमच्याकडचे मिस्त्री त्या नळकांड्याला "कूलर" म्हणतात. तांबं-पितळेचं, हातभर लांब, नळ्या पेन्सिलीहून बारीक.

त्या नव्या बंदुकीने मी आकडे घेतले आणि वहीत लिहिले. 1600 आरपीएमला काटा 102, हेडर टँक प्रत्यक्षात 97. म्हणजे काटा थोडा वाढवून सांगतो, पण खोटारडा नाही. एक्स्चेंजरमध्ये शिरणारं नदीचं पाणी 26. बाहेर पडणारं 61.

हे दोन आकडे मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा बघितले. पस्तीस अंशांचा फरक. नळ्यांवर थर बसून एक्स्चेंजर उष्णता घेईनासा झाला असता, तर नदीचं पाणी गारच बाहेर पडलं असतं. ते चांगलं तापून बाहेर पडतंय, तरीही इंजिन तापतंय. याचा अर्थ पाणी आपलं काम करतंय, पण पुरेसं येतच नाही. मी तीन आठवडे आतल्या पाण्याच्या मागे होतो आणि दुखणं बाहेरच्या पाण्यात होतं. लोक जो भाग सुचवतील तो बदलायचा, असा माझा कारभार चालला होता. आमच्या धंद्यात याला बिलं न बघता ताळेबंद जुळवणं म्हणतात.

दुसरे मिस्त्री भरूचकडे मच्छीमारांच्या बोटींची कामं करतात. नावाडीकाकांच्या ओळखीने 9 मार्चला आले. वयस्कर, बोलणं कमी. मी त्यांना सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "पहेलां पाणी जुओ, पछी मशीन." आधी पाणी बघा, मग मशीन. आणि बुडाच्या व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. पाणी ज्या क्रमाने आत येतं त्याच क्रमाने प्रत्येक सांधा सोडायचा, पुढचा सोडायच्या आधी इथवर पाणी येतंय ना ते डोळ्याने बघायचं.

व्हॉल्व्हनंतरचा पाइप सोडून व्हॉल्व्ह क्षणभर उघडला. पाणी आलं, पण जोरात नाही. बाहेरच्या जाळीवर शेवाळ आणि माळेचे धागे. ते साफ केलं, मग कारंजं उडालं. गाळणीच्या तळाला दोन बोटं वाळू. इथे नदीची पातळी वरून पाणी सोडण्यावर असते. सरदार सरोवरच्या नदीपात्रातल्या वीजघरातून पाणी येतं तेव्हा पात्र भरतं, थांबलं की उथळ होतं, आणि उथळ पाण्यात पंखा वाळू ढवळतो ती सरळ आपल्या गाळणीत. गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग कडक होऊन चिरलेली होती. गंमत अशी की तिथून पाणी गळत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. तो भाग ओढीच्या बाजूला असल्यामुळे पाणी बाहेर पडायच्या ऐवजी हवा आत शिरते आणि इंपेलर पाण्याबरोबर हवा चघळत बसतो. रिंगांचा संच 160 रुपये.

मग पंपाचं झाकण उघडलं. इंपेलर म्हणजे काळ्या रबराचं फूल, सहा पाकळ्यांचं. दोन पाकळ्या नव्हत्या. तिसरी मुळाशी अर्धी फाटलेली.

"दोन गेल्या," मिस्त्री म्हणाले, "शोधो." त्या हवेत विरत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि जिथे वाट अरुंद होते तिथे बसतात. एक्स्चेंजरची पुढची टोपी उघडली. नळ्यांच्या तोंडाशी एक पाकळी आडवी बसलेली, तिच्या मागे वाळू आणि शेवाळाचा गोळा. दुसरी टोपीच्या कडेला. मी खूश झालो. दोन गेल्या, दोन मिळाल्या, हिशेब जुळला. मिस्त्रींनी मागची टोपीही उघडली. म्हटलं, कशाला आता? ते काही बोलले नाहीत. आतून तिसरा तुकडा निघाला. कडक झालेला, काळपट-तपकिरी, आमच्या इंपेलरच्या रबरापेक्षा वेगळा. तो जुन्या, कधीतरी बदललेल्या इंपेलरचा होता. नळ्यांची रांग चुकवून कडेच्या फटीतून तो मागे कसा पोचला असेल, देव जाणे. तो तुकडा मी खिशात टाकला.

नळ्यांचा जुडगा मी बडोद्याला आणला. किराणावाल्याकडून दोन किलो लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणली, 400 रुपये. तो म्हणाला, "खमणचा कारखाना काढलात का?" दहा लिटर कोमट पाण्यात एक किलो, प्लास्टिकच्या टबात, बाथरूममध्ये. जुडगा आत ठेवल्याबरोबर फेस आला. चार तासांनी पाणी हिरवट झालं होतं. दुसऱ्या पाण्यात आणखी एकदा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून काढला. प्रत्येक नळीतून झाडूची काडी आरपार गेली तेव्हा थांबलो. तांबं-पितळेला हे चालतं. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर असं भिजत ठेवू नका, खाऊन टाकील.

इंपेलरची ऑर्डर 10 मार्चला दिली. मध्ये होळी-धुळेटी आली, कुरियर बंद. 17 ला पार्सल आलं, उघडलं तर व्यास बरोबर, पण मधलं भोक दात्यांचं, आणि आमच्या दांड्याला चावीची खाच. परत पाठवला, 180 माझे गेले. बरोबर इंपेलर 21 ला आला, 2,300 आणि वर 180. धडा साधा आहे: ऑर्डर देताना व्यास, जाडी, पाकळ्यांची संख्या आणि मधल्या भोकाचा प्रकार, चारही लिहून द्या, आणि जुन्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. शक्यतो दोन मागवा. मी एकच मागवला, कारण मी हिशेबनीस.

23 मार्च. इंपेलर बसवला, टोप्यांना 120 रुपयांच्या शीटमधून गॅस्केट कापून लावली, एक्स्चेंजर चढवला. मिस्त्रींनी पाकळ्यांना थोडा भांडी घासायचा साबण लावून चाक फिरवत आत सरकवलं. कोरडं फिरलं तर पहिल्या मिनिटालाच फाटतं. इंजिन सुरू केलं. मागे पिचकारी पडली. काटा 80 ला उभा. 1200 ला 82. मी फोन काढून मामेभावाला व्हिडिओ पाठवला.

1800 ला काटा निघाला. 86, 90, 94. मी व्हिडिओ डिलीट करायला गेलो, तोपर्यंत त्याचा अंगठा आला होता.

तिथे नदीकाठी बसून मला खरंच वाटलं की मामीला सांगावं, भाड्याची नाव करू. जेवणाचा डबाही उघडला नाही. मिस्त्री मात्र रंगाचा दहा लिटरचा डबा शोधत होते. काकांनी तो मागे एक्झॉस्टखाली धरला, मी मोबाइलवर सेकंद मोजले. 800 आरपीएमला डबा 50 सेकंदांत भरला. 1600 ला निम्म्या वेळात, पंचवीसच्या आसपास भरायला हवा होता. लागले 47. वेग दुप्पट आणि पाणी जवळपास तेवढंच.

मिस्त्रींनी मला खाली बोलावलं, गाळणी आणि पंप यांच्यामधला पाइप हातात धरायला लावला आणि काकांना वेग वाढवायला सांगितलं. पाइप माझ्या मुठीत चपटा झाला. वेग कमी केला, फुगला. पुन्हा वाढवला, पुन्हा चपटा. बकरीचं पोट श्वास घेताना हलतं तसा. बाहेरून तो पाइप अगदी नवा दिसत होता, क्लिपासुद्धा चकचकीत. तो मुळात ओढीचा पाइपच नव्हता, पाणी ढकलायचा साधा होज कोणीतरी लावला होता. आत तारेचं वेटोळं नाही, त्यामुळे पंपाने जोरात ओढलं की बाजू एकमेकींना चिकटायच्या. घरी आणून ब्लेडने उभा चिरला, तर आतला थर कात टाकल्यासारखा सुटलेला. तो पापुद्रा झडपेसारखं काम करत होता. सावकाश चालवलं तर सगळं ठीक आणि जोरात चालवलं की तापणार, याचं कारण हे. इंपेलर तुटला तोसुद्धा बहुधा यामुळेच, पुरेसं पाणी न मिळून.

29 ला, शनिवारी, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तारेचा सक्शन होज मिळाला. 650 रुपये मीटर, अडीच मीटर, 1,625. स्टीलच्या क्लिपा आठ, 480. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. बायको म्हणाली, "आधी गुढी, मग तुमची नळी." गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, दुपारी सेव-उसळ बांधून घेऊन चांदोदला गेलो आणि पाइप बसवला. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. तारेचा होज तोंडावर चढता चढत नाही. टोक गरम पाण्यात दोन मिनिटं धरलं की चढतो. डबा पुन्हा लावला. 800 ला 46 सेकंद. 1600 ला 22.

6 एप्रिलला, रामनवमीला, थर्मोस्टॅट परत बसवला (गॅस्केट 60) आणि तासभर बोट चालवली. दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. 1800 आरपीएमला 81 ते 83, तासभर. नदीच्या पाण्यात आत-बाहेर फरक अकरा अंश. मी कोणाला व्हिडिओ पाठवला नाही.

कागदांचं आतापर्यंत लिहिलं नाही, कारण ते समांतर चालू होतं आणि त्यात ऐकण्यासारखं थोडंच आहे. बोट मामांच्या नावावर. मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडून पेढीनामा (वंशावळ), मामी आणि मामेभावाचं ना-हरकत 300 च्या ई-स्टॅम्पवर नोटरी करून. मामेभावाची सही पुण्याहून कुरियरने आली आणि आधार कार्डावरच्या सहीशी जुळली नाही, म्हणून पुन्हा. देशांतर्गत जलमार्गांवरच्या बोटींच्या 2021 च्या कायद्याने 1917 चा जुना कायदा गेला, त्यामुळे मामांच्या वेळचा फॉर्म चालला नाही, नवा भरला. त्यात इंजिन नंबर. प्लेटवर तीन थर रंग. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने घासला आणि आरटीओत चॅसिसची घेतात तशी कागद ठेवून पेन्सिलची छाप घेतली. रंगाखालचा जो आकडा मी 8 समजत होतो तो 3 निघाला. फॉर्म जमा करण्याआधी निघाला हे नशीब.

तपासणीला 9 एप्रिल मिळाली, 10 ला महावीर जयंतीची सुट्टी होती. साहेबांनी लाइफ जॅकेट एकेक उलटून मोजली. बडोद्यात आता हे कोणालाही जाचक वाटत नाही. हरणीच्या तळ्यात 18 जानेवारी 2024 ला बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून आमच्या घरात बोट हा शब्द काढला की आधी जॅकेटचं विचारतात. बोट पूर्ण बरी होईपर्यंत मी काका, मिस्त्री आणि मी सोडून कोणालाही चढू दिलं नव्हतं. अग्निशामकाची तारीख संपलेली निघाली, भरून आणला, 450. तापलं की वाजणारा बझर वाजवून दाखवायला सांगितला, आणि तो वाजला. फेब्रुवारीत तो का वाजला नव्हता ते मी आधीच शोधलं होतं: वायर कापून तिला टेप गुंडाळलेली होती. कोणालातरी आवाजाचा त्रास होत असणार. दाखला 16 ला हातात पडला.

दोन मिस्त्री-फेऱ्यांचे 2,000 धरून सगळा खर्च 12,705, पेट्रोल आणि ई-स्टॅम्प सोडून. त्यातले 4,865 खऱ्या कामाचे: इंपेलर, होज, क्लिपा, रिंगा, गॅस्केट. बाकी शोधाचे. बुडाचा व्हॉल्व्ह आम्ही निघताना बंद करतो. इंजिनची चावी आता त्याच्या दांड्यालाच अडकवून ठेवतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय चावी हाताला येत नाही. ही युक्ती मिस्त्रींची.

18 ला सगळे आले. गुरुजी, मामी, पुण्याची मंडळी, एकूण नऊ, जॅकेटं घालून. संगमावर विधी झाले. येताना मामेभावाने मामांची वही आणली होती, पुण्याच्या सामानात सापडलेली. रेल्वेतल्या सवयीने ठेवलेली: तारीख, इंजिनचे तास, काय केलं. परतताना मी ती चाळत होतो. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये, बारीक, उभट अक्षरात: "इंपेलर बदलला. एक पाकळी मिळाली नाही. शोधणे."

तो तपकिरी तुकडा माझ्या पाकिटातच होता. पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: "9-3-2025. मिळाली. एक्स्चेंजरच्या मागच्या टोपीत."

मामीने चष्मा लावून वाचलं. "अक्षर नीट काढ रे," ती म्हणाली, "त्यांना खपायचं नाही." मग मागे एक्झॉस्टकडे बघून विचारलं, "हे एवढं पाणी पडतंय, ते पडायचंच ना?"